बुसीची तोफ आणि बुसीची विद्या

मराठे गनिमी कावा सोडून तोफांच्या नादी लागले आणि बुडाले, हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा व इतक्या विद्वान मुखांतून उच्चारले गेले आहे की, आता त्यास पुरावा मागणे म्हणजे उद्धटपणा समजला जातो. मध्यंतरी येथे सोलापुरातच एका व्याख्यानात ते पुन्हा ऐकण्याचा योग आला. वक्त्यांनी या अनर्थाचे मूळ म्हणून बुसी या फ्रेंच सरदाराचे नाव घेतले, त्यास कपटी, लोभी व दक्षिणेचा घात करणारा ठरविले, आणि त्याच्या कवायती पलटणींची भूल पडली नसती तर इतिहास निराळा झाला असता असा निर्वाळा दिला. टाळ्या भरपूर पडल्या. आम्हांस मात्र हे मत सर्वस्वी चुकीचे, किंबहुना अपायकारक वाटते. कारण ज्या दोषाने आमचा नाश झाला त्या दोषावरच ते पांघरूण घालते.

प्रथम हा बुसी कोण, ते पाहावे. आमच्या जुन्या पत्रांतून ‘मुसाबुसी’ या नावाने वावरणारा हा गृहस्थ फ्रेंच कंपनीच्या चाकरीतला एक अधिकारी. सन १७५० च्या सप्टेंबरात त्याने जिंजीचा किल्ला एका रात्रीत घेतला. ज्या जिंजीपुढे राजाराम महाराजांच्या काळी मोगलांची फौज आठ वर्षे बसली होती, तीच ही जिंजी. पुढील वर्षाच्या प्रारंभी सुमारे तीनशे फ्रेंच व दोन हजार देशी शिपाई घेऊन तो पुदुचेरीहून निजामाच्या लष्कराबरोबर निघाला. वाटेत मुजफ्फरजंग मारला गेला. छावणीत गोंधळ माजला असता बुसीने कैदेतील सलाबतजंगास पुढे आणून गादीवर बसविले, आणि त्यास औरंगाबादेस सुखरूप पोहोचविले. येथपर्यंतचा बुसी शिपाई होता. येथून पुढचा बुसी मुत्सद्दी आहे, आणि विचार करावयाचा तो याच बुसीचा.

वाचकांनी संख्येकडे लक्ष द्यावे. अडीच हजारांच्या आतबाहेर माणसे घेऊन आलेला एक परका मनुष्य सुमारे सात वर्षे दक्षिणच्या सुभ्याची सूत्रे हालवितो, हे केवळ तोफेने होत नाही. १७५१ च्या नोव्हेंबरात ग्रहणाच्या रात्री कुकडीच्या काठी त्याने पेशव्यांच्या छावणीवर अकस्मात छापा घातला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांत मराठी घोडदळाने त्याच फौजेस घोडनदीवर जेरीस आणले, आणि १७५२ च्या जानेवारीत उभयपक्षी तह झाला, ही गोष्ट मात्र पुष्कळदा सांगावयाची राहते. म्हणजे बुसीची तोफ अजिंक्य नव्हती. त्याच सालच्या नोव्हेंबरात भालकी येथे जो तह झाला त्यात पेशव्यांस मोठा मुलूख मिळाला. तेव्हा लढाई कोठे थांबवावी आणि काय देऊन काय राखावे, हे जाणणारा तो मनुष्य होता.

त्याचे खरे बळ दोन गोष्टींत होते. पहिली गोष्ट पगाराची. निजामाच्या दिवाणाने फ्रेंच पलटणींचा पगार तुंबवून त्यांस आपोआप मोडून टाकण्याचा घाट घातला. तेव्हा आजारी बुसी मच्छलीपट्टणहून औरंगाबादेस परत आला, आणि १७५३ च्या अखेरीस त्याने एलूर, राजमहेंद्री, चिकाकोल व मुस्तफानगर हे चार सरकार फौजेच्या खर्चास तोडून घेतले. खजिन्यातून उद्या मिळेल या आशेवर त्याने शिपाई ठेवला नाही. शिपायाचे वेतन त्याने जमिनीच्या ठराविक वसुलास बांधून टाकले. दुसरी गोष्ट ज्ञानाची. हैदरजंग नावाचा फ्रेंच जाणणारा एक दक्षिणी मनुष्य त्याने आपला दिवाण केला, आणि त्याच्या द्वारे दरबारातील प्रत्येक हेवा, प्रत्येक कर्ज आणि प्रत्येक नाते त्याने समजून घेतले. १७५६ साली शाहनवाजखानाने त्यास सावनूरच्या स्वारीत बडतर्फ केले, तेव्हा हैदराबादेस चारमहालात तटबंदी करून तो मदत येईपर्यंत टिकला आणि पुन्हा मानाने चाकरीत घेतला गेला. नुसत्या तोफखान्याच्या जमादारास हे साधले नसते.

आता आमच्याकडे काय झाले ते पाहू. बुसीचा पराक्रम पाहून आमच्या पुढाऱ्यांचे डोळे उघडले खरे. पण ते तोफेवर उघडले आणि तोफेवरच खिळले. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांनी आपल्याकडे घेतला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर येथे त्याच्या तोफखान्याने निजामास नमविले, आणि पुढील जानेवारीत पानिपतावर तो मराठ्यांसाठी लढला व मेला. त्याच्या इमानाबद्दल शंका घेणे हे पाप होय. पण इब्राहिमखान गेल्यावर दुसरा इब्राहिमखान घडविणारी शाळा कोठे होती? फ्रेंच ‘गार्द’चा आम्ही ‘गारदी’ केला. शब्द घेतला, शिपाईही घेतला. त्यास घडविणारी व्यवस्था तेवढी घेतली नाही. मग त्याच गारद्यांनी थकलेल्या पगाराचा कज्जा घेऊन ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांचा खून केला. कट घरच्याच माणसांचा होता, हे खरे. पण त्यास हत्यार सापडले ते तुंबलेल्या पगाराचे. बुसीने वीस वर्षांपूर्वी जो प्रश्न सोडविला होता, तो आमच्या राजवाड्यात रक्ताने उभा राहिला.

कोणी म्हणेल, महादजी शिंद्यांनी ही उणीव भरून काढली. अंशतः काढली, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. त्या थोर पुरुषाने द बॉइन्यच्या पलटणींचा खर्च दुआबातील जहागिरीस बांधून दिला आणि पगाराचे मर्म ओळखले. परंतु पलटणींचे अधिकारी परकेच राहिले. १८०३ च्या सप्टेंबरात अलीगड पडताच द बॉइन्यच्या मागून आलेला सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. पुढे १ नोव्हेंबर रोजी लासवारीस त्या निर्नायकी पलटणी अशा लढल्या की, फ्रेंच अधिकारी त्यांचे पुढारी असते तर निकाल संशयास्पदच होता, अशी कबुली खुद्द लेकने दिली. शिपाई हटला नाही. हटले ते भाड्याने आणलेले डोके. आता गनिमी काव्याच्या कैवाऱ्यांनी सांगावे, येथे दोष कवायतीचा, की कवायत शिकविणारे आपले माणूस चाळीस वर्षांत तयार न केल्याचा?

गनिमी काव्याची आम्ही निंदा करीत नाही. घोडनदीचे उदाहरण वर दिलेच आहे. पण बचावाच्या युद्धात जे शस्त्र अमोघ, ते अटकेपासून कावेरीपर्यंत राज्य राखण्यास पुरेल, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. तद्वत् बुसीची आरतीही आम्हांस ओवाळावयाची नाही. मालेसनसारख्या इंग्रज ग्रंथकाराने त्याची मनसोक्त स्तुती केली आहे. पण तो आपल्या राजाच्या व आपल्या खिशाच्या कामास येथे आला होता, आमच्या कल्याणास नव्हे. शिवाय त्याची इमारतही टिकली नाही. १७५८ साली लालीने त्यास परत बोलाविले. वर्ष लोटते न लोटते तोच मच्छलीपट्टण इंग्रजांनी घेतले, आणि १७६० च्या जानेवारीत वांदिवाशच्या रणात बुसी कैद झाला. पुढे १७८३ साली वार्धक्याने व व्याधीने खिळलेला तो पुन्हा या देशी आला आणि १७८५ च्या प्रारंभी पुदुचेरीस वारला. मागे भक्कम सरकार नसेल तर एकट्याची कर्तबगारी व्यर्थ जाते, हा धडाही त्याच्याच चरित्रात आहे.

असो. हा वाद अडीचशे वर्षांपूर्वीच्या प्रेतांचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण तोच रोग आज आमच्या घरात आहे. २०१६ साली आपल्या सरकारने फ्रान्सकडून छत्तीस लढाऊ विमाने घेण्याचा करार केला, व २०२० पासून ती येऊ लागली. घेतली ते योग्यच. संरक्षण उधारीवर थांबत नाही. पण ती आली तेव्हा घरोघरी जो जल्लोष झाला, त्यात तसले यंत्र आपण केव्हा घडविणार हा प्रश्न किती बैठकांत निघाला? विद्येच्या प्रांतातही तेच. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढून याच कालखंडाची मराठी कागदपत्रे आमच्यापुढे ठेवली. पण बुसीची स्वतःची पत्रे फ्रेंचमध्ये आहेत आणि निजामाचे दप्तर फारसीत. या दोन्ही भाषा शिकून मूळ कागद वाचावा अशी हौस धरणारा विद्यार्थी आम्हांस इतक्या वर्षांच्या अध्यापनात बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. बाकीचे सारे, आणि आम्ही स्वतःही बहुतांशी, बुसीला इंग्रजांच्या चष्म्यातून पाहतो. व्याख्यानपीठावरून त्यास शिव्या देतो तोही उसन्याच माहितीवर. पालकही मुलास विचारतात, या विषयाचा पगार किती? विषयाचे मूळ कोठे आहे, हे कोणी विचारीत नाही.

१८१८ च्या मे महिन्यात मन्रोने आमचा हा सोलापूरचा किल्ला घेतला, तेव्हा पेशव्यांच्या तोफा येथे होत्या. तोफांची वाण नव्हतीच. त्या ओतण्याची, चालविण्याची आणि त्यांच्या मागे उभ्या असणाऱ्यास वेळेवर पगार देण्याची विद्या जर पुण्यात रुजली असती, तर बुसीस दोष देण्याचा प्रसंग कदाचित आला नसता. ज्यांस अजूनही त्यास दोषच द्यावयाचा असेल त्यांनी तो खुशाल द्यावा; पण प्रथम त्याची भाषा शिकावी, त्याची पत्रे वाचावीत, आणि मग व्यासपीठावर चढावे. तेवढे झाले तरी बुसीच्या विद्येचा एक हप्ता उशिरा का होईना, आम्ही घेतला असे होईल.