एकेक ओळ

परवाची गोष्ट. नाशिकची थंडी तशी प्रसिद्धच आहे. त्यातून निफाडचा पारा उतरल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की आमच्या घरातील ट्रंका उघडतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेले कपडे बाहेर येतात. मी ओसरीवर कोवळ्या उन्हात बसलो होतो. पोथी ठेवण्याच्या घडीच्या व्यासपीठावर एक पुस्तक उघडे होते. पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर पितळी अडकित्ता आडवा ठेवला होता. माझ्या हातांत विणकामाच्या सुया होत्या. आमचा नातू शेजारी येऊन बसला. थोडा वेळ सुयांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, असा स्वेटर दुकानात तयार मिळतो. मग तुम्ही दीड महिना का विणत बसता?"

मी शाळेत असताना पुष्कळ प्रश्नांना तत्काळ उत्तरे दिली आहेत. त्यांतील काही चुकीचीही होती. या वेळी मात्र मी म्हणालो, "विचार करून सांगतो." एवढे ऐकून तो खेळायला पळाला. मुलांनो, त्याला जे सांगायचे राहिले ते आज तुम्हांला सांगतो.

हिशेबाच्या बाजूने पाहाल, तर मी साफ हरतो. चांगल्या लोकरीची किंमत कित्येकदा तयार स्वेटरपेक्षा अधिक भरते. वेगाची तर गोष्टच नको. विल्यम ली नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. म्हणजे हातापेक्षा यंत्र भराभर विणते ही गोष्ट जगाला चारशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तरीही घरोघरी सुया चालूच राहिल्या. एवढ्या साऱ्या माणसांना हिशेब येत नव्हता, असे मला वाटत नाही.

मी स्वतः या वाटेला लागलो तो निवृत्तीनंतर, आणि तोही नाइलाजाने. घरात बाळ येणार होते. त्याच्यासाठी बाळंतविडा तयार होत होता. दुपटी शिवून झाली होती, टोपडे विणून झाले होते, एक मोजाही पुरा झाला होता. आणि त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींच्या अंगठ्याचे सांधे असे काही धरले, की त्यांना सुई पेलवेना. दुसरा मोजा अर्ध्यावर राहिला. त्या म्हणाल्या, "मी शिकवते. तुम्ही विणा." पहिले तीन दिवस माझे टाके वाढतच गेले. घातले होते चोवीस, मोजले तर सत्तावीस! हे तीन पाहुणे कोठून आले हे मला समजेना आणि त्यांना हसू आवरेना. शेवटी मोजा झाला खरा, परंतु पहिल्याहून चांगला दोन बोटे मोठा. बाळाच्या पायात तो कधी बसलाच नाही. परवा प्रश्न विचारणारा नातू म्हणजेच ते बाळ. ती विजोड जोडी आमच्या कपाटात अजून आहे.

त्या मोज्याने मला एक गोष्ट कळली. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे असतात. सुयांवरच्या विणकामात सारे काम बहुधा एका धाग्याचे. एका फासातून दुसरा फास ओढून घ्यायचा, त्यातून तिसरा. पुढून सुलट दिसणारा टाका मागून उलटा दिसतो. दोन सुलट आणि दोन उलट अशी वीण चालविली, की मनगटावर घट्ट बसणारी पट्टी तयार होते. फास ताणले जातात आणि पुन्हा आपल्या जागी येतात, म्हणून स्वेटर अंगासरसा बसतो. या साध्या रचनेची दुसरी बाजूही आहे. शेवटचे टोक सोडून ओढत गेले, तर सारा स्वेटर पुन्हा धागाच होतो. माझ्या लहानपणी असे नेहमी होत असे. थोरल्या भावाचा आखूड झालेला स्वेटर उसवायचा, वेटोळी पडलेली लोकर धुऊन, खाली वजन बांधून वाळवायची, म्हणजे ती सरळ होते. मग तीत थोडी नवी लोकर घालून धाकट्यासाठी विणायचे. माझा पहिला स्वेटर असा दोन रंगांचा होता. तो जुन्याचा नवा केलेला आहे हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्याची ऊब कमी झाली नसती.

आता पुस्तकाविषयी. विणकामातल्या एका फेरीला आपण ओळ म्हणतो आणि पुस्तकातल्या शब्दरांगेलाही ओळच म्हणतो. दोन्ही ओळी एकदम चालविण्याचा आनंद काय असतो, हे करून पाहिल्याशिवाय समजणार नाही. सरळ वीण असली, म्हणजे बोटे आपले काम आपण करतात. डोळे मोकळे राहतात. वेणीची वीण असेल तर मात्र पुस्तक मिटावेच लागते. सध्या मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचतो आहे, आणि तीही चौथ्यांदा. लक्ष्मीबाई आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. पुढे काय होणार हे मला पाठ आहे. तरी त्या आपली फजिती सांगू लागल्या, की मला हसू फुटते आणि सुईवरचा टाका निसटतो. तो शिडीसारखा एकेक ओळ खाली उतरत जातो. मग आकडी घेऊन त्याला पायरी पायरीने वर आणायचे. उलटपक्षी एखादा दुःखाचा किंवा काळजीचा प्रसंग आला, की माझे हात नकळत आवळतात. त्या ओळी घट्ट होतात. आमच्या सौभाग्यवती स्वेटरवरून बोट फिरवून सांगतात, "येथे काहीतरी वाईट घडलेले दिसते!" आणि बहुधा त्यांचे बरोबर असते.

हे आनंद फार लहान आहेत. १८४० साली स्थापन झालेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणताना कोणा अनोळखी वाचकाने समासात पेन्सिलीने केलेली बारीक खूण सापडणे, किंवा खुणेसाठी पानात घातलेला लोकरीचा तुकडा वर्षाने पुन्हा हाती लागून कोणता स्वेटर त्या वेळी सुयांवर होता ते आठवणे, यांची बातमी कोणी छापणार नाही. (पुस्तकात पेन्सिल चालवू नये, हे माझ्यातला मुख्याध्यापक येथे सांगून टाकतो.) माझे मत असे आहे, की दुकानातून आणलेल्या वस्तूचा आनंद पहिल्या दिवशी सर्वांत मोठा असतो आणि पुढे उतरत जातो. विणलेल्या वस्तूचा आनंद ती तयार होण्यापूर्वीच दीड महिना चाललेला असतो. पुस्तकाचेही तसेच. कथा दोन वाक्यांत सांगता येते, म्हणून पुस्तक वाचायचे राहते का?

येथवर लिहिले ते सुखाने लिहिले. पुढचे लिहिताना तसे वाटत नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी एका शाळेत शिक्षक होतो. एके दिवशी मोकळ्या तासाला आठवीच्या वर्गावर गेलो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून काहीतरी करीत होता. जवळ जाऊन पाहिले, तर बाकाखाली सुया आणि करड्या लोकरीचा हातभर विणलेला गळपट्टा! मी तो उंच धरून सर्वांना दाखविला आणि विचारले, "उद्या बांगड्या भरून येणार का?" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. मुलगा काही बोलला नाही. शाळा सुटल्यावर तो आपली वस्तू मागायला आला. मी ती दिली. दारात उभ्या उभ्याच त्याने सुई काढून घेतली आणि धागा ओढीत, गुंडाळीत तो निघून गेला. पुढे त्याच्या वर्गशिक्षकांकडून कळले, की त्याची आई पहाटे चार वाजता भाजीबाजारात जात असे. तो गळपट्टा तिच्यासाठी होता.

गंमत पाहा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. श्याम पत्रावळ लावायला शिकतो ती त्यातली गोष्ट मी वर्गात किती तरी वेळा रंगवून सांगितली होती. घरातले कोणतेही काम मुलाने शिकण्यात कमीपणा नाही, हे फळ्यावर लिहिणारा आणि त्या मुलाला हसणारा माणूस एकच होता.

तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण आज ठाऊक आहे, की पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे एक बेट आहे. तेथे विणकामाच्या सुया पुरुषांच्या हातांत असतात. मुलगे लहानपणीच विणायला शिकतात आणि पुरुष स्वतः विणलेली रंगीत कानटोपी घालतात. त्या बेटावरच्या वस्त्रकलेचा २००५ साली युनेस्कोने गौरव केला. ही माहिती मी त्या मुलाला सांगू शकलो असतो तर, असे पुष्कळदा मनात येते. परंतु त्याला माहितीची गरज नव्हती. त्याला तो तास हवा होता आणि आणखी हातभर गळपट्टा विणून व्हायला हवा होता. त्याने पुन्हा कधी सुया हाती घेतल्या की नाही, ते मला कळले नाही.

काल संध्याकाळी लोकरीची नवी लड आणली. नातवाला समोर बसवून ती त्याच्या दोन्ही हातांत अडकविली आणि मी गुंडा करू लागलो. त्याने प्रश्नाचे उत्तर मागितले नाही, मीही आठवण केली नाही. तो हात कधी डावीकडे, कधी उजवीकडे झुकवीत होता आणि मधूनच मान वाकडी करून व्यासपीठावरचे पान वाचत होता. लड संपली, तरी तो पानावरून उठेना. स्वेटरची पाठ झाली आहे, पुढचा भाग झाला आहे. डाव्या बाहीच्या चाळीस ओळी उरल्या आहेत. पुस्तक शनिवारी परत करायचे आहे. बहुधा मुदत वाढवून घ्यावी लागेल.