विश्लेषण : डब्याएवढा ‘उपग्रह’ खरोखर अवकाशात जातो का?

शीतपेयाच्या डब्याएवढे यंत्र, आत सेन्सर, बॅटरी आणि छोटा रेडिओ, वर घडी घातलेले पॅराशूट. विज्ञान स्पर्धेसाठी एखाद्या कॉलेजच्या टीमने असे यंत्र बनवले की ‘विद्यार्थ्यांनी उपग्रह बनवला’ असा मथळा होतो. हा मथळा अर्धाच खरा आहे, आणि त्याचा तोटा त्या विद्यार्थ्यांनाच होतो.

कॅनसॅट म्हणजे नेमके काय?

या यंत्राचे नाव कॅनसॅट. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली : साडेतीनशे मिलिलिटरच्या डब्यात उपग्रहाचे सगळे अवयव बसवून दाखवा. भारतात इन-स्पेस, इस्रो आणि ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांच्या सहभागाने अशी स्पर्धा होते. रॉकेट, फुगा किंवा ड्रोनने हा डबा काही शे मीटर ते एक किलोमीटर उंचीवर नेऊन सोडतात. पॅराशूटने खाली येताना तो हवेचा दाब, तापमान आणि आपले ठिकाण जमिनीवर कळवत राहतो. सेकंदाला आठ मीटर वेगाने उतरला, तर एक किलोमीटरचा प्रवास जेमतेम दोन मिनिटांत संपतो.

खरा उपग्रह पाचशे किलोमीटर उंचीवर सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि साधारण दीड तासात पृथ्वीला फेरी घालतो. हा वेग नसेल तर कितीही उंच नेलेली वस्तू परत खालीच येणार. फेब्रुवारी २०२१ मध्ये रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी बनवलेली शंभर छोटी उपकरणे हेलियमच्या फुग्याने वर पाठवली गेली, तेव्हाही बातम्यांत शब्द ‘उपग्रह’ हाच होता. मुलांचे कौतुक रास्तच. पण फुगा कक्षेत जात नाही.

मग त्यात अवघड काय?

अवघड हे की एकदा डबा सुटला की हात लावता येत नाही. टेबलावर बंद पडलेला प्रोग्रॅम बटण दाबून पुन्हा सुरू होतो, हवेत मात्र ती सोय नाही. त्यामुळे दोन मिनिटांच्या उड्डाणासाठी काही महिने खर्ची पडतात.

नागपूरचेच उदाहरण घ्या. कॅनसॅटमधला सेन्सर उंची थेट मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून प्रोग्रॅम उंची काढतो. बहुतेक तयार प्रोग्रॅममध्ये समुद्रसपाटीचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल असा धरलेला असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. म्हणजे टेबलावर ठेवलेला डबा सुरू करताक्षणीच ‘मी तीनशे मीटरवर आहे’ असे सांगू लागतो. एवढे बहुतेकांच्या लक्षात येते आणि सकाळी जमिनीवरचा दाब शून्य उंची म्हणून नोंदवला जातो. खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. एका हेक्टोपास्कलला साधारण साडेआठ मीटर धरले, तर सकाळी शून्यावर लावलेला डबा दुपारी जागचा न हलता पंचवीस ते पस्तीस मीटर ‘वर चढलेला’ असतो. पॅराशूट ठरावीक उंचीला उघडायचे असेल, तर या फरकाने यंत्र वाचते किंवा फुटते. उपाय एका ओळीचा आहे, उड्डाणाच्या अगदी आधी शून्य पुन्हा लावणे. पण ती ओळ लिहायची गरज दुपारच्या उन्हात चाचणी घेतलेल्यालाच कळते.

वारा हा दुसरा खेळाडू. ताशी वीस किलोमीटरचा वारा दोन मिनिटांत डब्याला जवळपास सातशे मीटर दूर नेतो. पॅराशूट मोठे केले तर डबा हळू उतरतो, पण शेतशिवारात हरवतो. लहान केले तर सापडतो, पण आदळून.

सेन्सरच्या चुकीने मोठे रॉकेटही फसते?

फसते. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात देशभरातील ७५ सरकारी शाळांच्या ७५० मुलींच्या सहभागातून साकारलेला ‘आझादीसॅट’ होता. दुसरा टप्पा वेगळा होताना काही क्षण जोराचे हादरे बसले, त्वरण मोजणाऱ्या सेन्सरची मर्यादा ओलांडली गेली आणि रॉकेटवरील संगणकाने सेन्सर बिघडल्याचे ठरवून पर्यायी मार्ग धरला. ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरची कक्षा मिळाली आणि उपग्रह गमावले गेले. इस्रोने कारण जाहीर केले, दुरुस्ती केली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ ४५० किलोमीटरच्या कक्षेत पोहोचला. रॉकेटमधून सुटताना झटका बसून चुकीची उंची वाचणारा कॅनसॅट हीच चूक लहान प्रमाणात करतो. फरक इतकाच की कॉलेजात अशा अपयशाचा अहवाल सहसा लिहिलाच जात नाही. बॅनर लागतो तो बक्षिसाचा.

चाचणी नागपुरात घेता येते का?

येते, पण नियम पाळून. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच हवाई नियंत्रणाची परवानगी लागते, आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांच्या वर. सोनेगावचा विमानतळ शहरालाच खेटून असल्याने कॉलेजच्या मैदानावरून सहज ड्रोन उडवता येईल, या भ्रमात राहू नये. शहराबाहेर मोकळ्या क्षेत्रातही विनापरवानगी मर्यादा चारशे फूट, म्हणजे सुमारे १२० मीटरच. रेडिओचेही तेच. अमेरिकी बाजारासाठी बनलेले ९१५ मेगाहर्ट्झचे संच ऑनलाइन सहज मिळतात, पण भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. खरेदीपूर्वी हे पाहिले नाही तर पैसे वाया.

डब्यापासून खऱ्या उपग्रहापर्यंत किती अंतर?

पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ हा एक किलोपेक्षा थोडा हलका उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने कक्षेत गेला. काम सुरू झाले होते २००८ मध्ये. मुंबई आयआयटीचा दहा किलोचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गेला. त्यालाही सुमारे नऊ वर्षे लागली. एवढ्या काळात सुरुवात करणारी मुले कधीच पास होऊन गेली होती. प्रकल्प टिकला तो आधीच्या बॅचने लिहून ठेवलेल्या कागदांवर आणि पुढच्या बॅचला शिकवण्याच्या रिवाजावर. नागपूरच्या कॉलेजांनी नेमके हेच पुण्याकडून घ्यायला हवे. दरवर्षी नवे किट विकत घेऊन नवी टीम शून्यापासून उभी करणे सोपे असते, पण त्यातून दरवर्षी पहिलेच वर्ष घडते.

पडताळणीचे साधन तर शहरातच आहे. हवामान विभागाचे प्रादेशिक केंद्र सोनेगावला आहे आणि नागपुरातून रेडिओसाँड, म्हणजे फुग्याला बांधलेली मापन-पेटी, आकाशात सोडली जाते. खाली येणाऱ्या कॅनसॅटचे काम ती वर जाताना करते. तिच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या मिळतात. कॅनसॅटने पाचशे मीटरवर मोजलेले तापमान आणि त्याच दिवशीच्या फुग्याची नोंद शेजारी ठेवून फरक का पडला याचे उत्तर टीमने दिले, तर परीक्षकांनी बक्षीस कोणाला द्यायचे हे ठरवणे बरेच सोपे होईल.