शून्य जुळले म्हणून आकडा जुळला?

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या औषध किंवा रंगद्रव्य कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचा सीओडी किती, हे कळायला आता मंडळाचा माणूस बाटली घेऊन यायची वाट पाहावी लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी अतिप्रदूषणकारी १७ वर्गांतल्या उद्योगांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना ऑनलाइन मोजमाप बसवायला लावा, असे राज्य मंडळांना बजावले. तेव्हापासून आकडा ॲनालायझरमधून लॉगरमध्ये आणि तिथून सर्व्हरवर जातो. या वसाहतीच्या पाण्याविषयीचे मच्छीमारांचे गाऱ्हाणे अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले होते. म्हणजे इथला आकडा केव्हाही पुरावा म्हणून समोर येऊ शकतो. तरीही कमिशनिंगच्या दिवशी आपण बहुतेकदा पाहतो ते एवढेच, की लॉगरवरचा दिवा हिरवा झाला का. तो दिवा फक्त सांगतो की दोन उपकरणे एकमेकांशी बोलताहेत. त्यांना एकमेकांचे कळते आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

ही उपकरणे बहुधा ज्या भाषेत बोलतात, तो मॉडबस १९७९ सालचा. त्याचे एक रजिस्टर १६ बिटांचे, त्यामुळे ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरांत विभागून जातो. त्यातले आधी कोणते पाठवायचे, हे प्रत्येक उत्पादकाने आपापले ठरवले. हा क्रम उलटला तर ७.२५ पीएच पडद्यावर ०.०० दिसतो आणि ७.२ चा चक्क चोवीस अंकी आकडा होतो. असली चूक नवखा ऑपरेटरही पकडतो, म्हणून तिची फारशी धास्ती नको. धास्ती हवी ती पटण्याजोग्या चुकीची. मॉडबसऐवजी मिलिअँपिअरच्या सिग्नलने आकडा जात असेल आणि ॲनालायझरची रेंज ० ते ५००, पण लॉगरमध्ये भरलेली ० ते २५० असेल, तर १२ मिलिअँपिअरला ॲनालायझर २५० दाखवतो, लॉगर १२५. सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे प्रत्यक्षात ४०० चे पाणी सुटत असताना सर्व्हरवर निवांत २०० उमटत राहतील, आणि कुणालाच शंका येणार नाही. गंमत अशी की ४ मिलिअँपिअरला दोन्हीकडे शून्यच येते. रजिस्टरांचा क्रम उलटा असो, गुणक चुकलेला असो की चिन्ह धरलेले नसो, शून्य ते शून्यच. शून्य जुळवून पाहण्याची आपली आवडती चाचणी या सगळ्या चुका बिनबोभाट पास करते! फ्लोमीटरच्या टोटलायझरचे तर विचारूच नका. ३२ बिटांतला फक्त खालचा शब्द वाचला तर ६५,५३५ पर्यंत सारे बरोबर येते. दिवसाला हजार घनमीटर सोडणाऱ्या कारखान्यात ही चूक दोन महिने दडून बसते.

म्हणून तपासणीचे आकडे मुद्दाम अडचणीचे निवडावेत: अपूर्णांक असलेला एक, रेंजच्या वरच्या टोकाजवळचा एक, टोटलायझरसाठी ६५,५३५ च्या पलीकडचा एक. ते ॲनालायझरच्या पडद्यावर, लॉगरवर आणि सर्व्हरवर एकाच वेळी वाचून कागदावर उतरवावेत. सोबत स्टेटसही पाहावा. कॅलिब्रेशन चालू असताना बरेच ॲनालायझर शेवटचा आकडा धरून ठेवतात. स्टेटसचा बिट लॉगरने वाचलाच नाही, तर तो शिळा आकडा ताजा म्हणून पुढे जातो.

प्रयोगशाळेचा नमुना ही चूक पकडेलच, असे काही जण म्हणतील. नमुन्याचा निकाल ॲनालायझरच्या पडद्याशी ताडला, तर तपासला जातो तो सेन्सर. पुढची साखळी तशीच राहते. मॉडबसच्या जागी ओपीसी यूए हा नवा प्रोटोकॉल आला की हा प्रश्न मिटेल, हे म्हणणे अर्धे खरे आहे. त्यात आकड्याबरोबर प्रकार, वेळ आणि गुणवत्ता जाते, एककही देता येते; पण रेंज आणि एकक भरणारा माणूसच असतो, आणि चालू मॉडबस मीटर कोणी केवळ एवढ्यासाठी भंगारात काढणार नाही. या तपासणीला वेळ मिळत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. प्लांट चालू, मीटर रात्री बंद पडलेला, स्टोअरमध्ये दुसऱ्याच मॉडेलचा स्पेअर. अशा वेळी तीन आकड्यांचा कागद कोण भरणार? ज्याला त्याचे पैसे मिळतात तोच. आज आपल्या कोटेशनमध्ये केबल मीटरवर मोजून धरली जाते आणि ही तपासणी ‘कमिशनिंग’ या एका शब्दात फुकट जाते. तिची वेगळी ओळ घालावी, दर लावावा, आणि दोन्हीपैकी कोणतेही उपकरण किंवा त्याचे फर्मवेअर बदलले की ती नव्याने करावी, असे वार्षिक देखभाल करारातच लिहून घ्यावे.