बाँड्सला बाहेरच का ठेवायचं?

बेसबॉल म्हटलं की आपल्याकडे "म्हणजे अमेरिकेतलं क्रिकेट ना?" एवढंच विचारतात. पण तिथला एक वाद मला पटकन सोडवत नाही.

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाऊन नावाच्या गावात बेसबॉलचं 'हॉल ऑफ फेम' आहे. तिथे जायला खेळाडूला बेसबॉल-पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात. बॅरी बाँड्सचे 762 होमरन, म्हणजे विक्रमच. तरी 2022 साली, त्यांच्या मतदानातल्या दहाव्या आणि शेवटच्या संधीला, त्याला 66 टक्केच मिळाली. (इंजिनिअरिंगला 66 पडले तर घरी पेढे वाटतात!) कारण एकच, स्टेरॉइड्स.

मतं देताना सचोटी आणि चारित्र्यही बघा, असं नियमातच आहे. मान्य. बाँड्स काही साधुसंत नाही. पण हे सगळं चाललं तेव्हा बेसबॉलचे कमिशनर होते बड सेलिग. पकडलं तर शिक्षा, अशी चाचणी सुरू व्हायला 2004 उजाडलं. तोवर होमरन बघायला स्टेडियम भरत होती, सगळे खूश होते. आणि हेच सेलिग वेगळ्या समितीच्या मतांवर 2017 मध्ये हॉलमध्ये गेले! मग चारित्र्य फक्त खेळाडूंनीच सांभाळायचं का?

पीट रोझचं वेगळं. मॅनेजर असताना त्याने स्वतःच्याच टीमच्या मॅचवर पैसे लावले. त्याला माझं मत नाही.

बाँड्सला मात्र घ्या, आणि पाटीवर 762 च्या खाली स्टेरॉइड्सचंही लिहा. सेलिगच्या पाटीवरसुद्धा.