संपादकाने निवडलेला सेनापती

ब्रिटिश राजकारणावरील वृत्तपत्रांच्या प्रभावाची चर्चा निघाली की प्रथम ‘टाइम्स’चे नाव घेतले जाते. तथापि एका पत्रकाराने साम्राज्याच्या धोरणास कसे वळण लावले हे पाहावयाचे, तर ‘पॅल मॅल गॅझेट’ या सायंदैनिकाचे संपादक विल्यम थॉमस स्टेड यांच्याकडेच वळले पाहिजे. त्यांच्या पत्राचा खप काही हजारांचाच. पण ते वाचक लंडनच्या क्लबांत आणि मंत्र्यांच्या दिवाणखान्यांत बसणारे होते.

नोव्हेंबर १८८३ मध्ये सुदानात महदीच्या अनुयायांनी इजिप्तच्या फौजेचा धुव्वा उडवला. इजिप्तने तो मुलुख सोडावा व तेथील शिबंदी परत आणावी, असे ग्लॅडस्टन सरकारने ठरवले. जनरल गॉर्डन त्या वेळी बेल्जियमच्या राजाच्या सेवेत कांगोला जाण्याच्या तयारीत होते. स्टेड यांनी साउथॅम्प्टनला जाऊन त्यांची मुलाखत घेतली आणि ९ जानेवारी १८८४ रोजी ती छापून, गॉर्डन यांनाच सर्वाधिकार देऊन सुदानला पाठवा, अशी मागणी केली. इतर पत्रांनी तिची री ओढली. अवघ्या नऊ दिवसांनी चार मंत्र्यांनी गॉर्डन यांना बोलावून घेतले आणि त्याच सायंकाळी ते रवाना झाले. या चौघांत हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक होते. खुद्द पंतप्रधान मात्र लंडनबाहेर होते.

सारे श्रेय, किंवा सारा दोष, स्टेड यांच्या पदरी घालणे न्यायाचे होणार नाही. गॉर्डन यांचे नाव सरकारने कैरोतील आपले प्रतिनिधी बेअरिंग यांना डिसेंबरातच सुचवले होते व ते नाकारले गेले होते. दार किलकिले होते. धक्का संपादकाने दिला. पण कोणासाठी? खार्टूम सोडण्यास आपला विरोध आहे, हे गॉर्डन यांनी त्याच मुलाखतीत स्पष्ट केले होते. माघारीचे काम माघारीच्या विरोधकाकडे सोपवले जात आहे, एवढे तरी ती छापणाऱ्यास दिसावयास हवे होते. शिवाय १८८० मध्ये लॉर्ड रिपन यांचे खासगी चिटणीस म्हणून मुंबईत उतरताच काही दिवसांत राजीनामा देणाऱ्या या सेनानीचा लहरी स्वभाव सर्वश्रुत होता.

व्हायचे तेच झाले. गॉर्डन खार्टूममध्ये ठाण मांडून बसले, वेढ्यात सापडले आणि २६ जानेवारी १८८५ रोजी मारले गेले. सुटकेच्या फौजेची आगबोट दोन दिवस उशिरा पोहोचली. राणी व्हिक्टोरियाने मंत्र्यांना उघड तारेने फटकारले. पार्लमेंटात निंदाव्यंजक ठरावातून सरकार जेमतेम १४ मतांनी वाचले. ‘पॅल मॅल गॅझेट’ने उशीर झाल्याचा आक्रोश करणारा ठळक मथळा दिला व दिरंगाईचे खापर सरकारवर फोडले. सेनापती कोणी सुचवला होता, याची आठवण त्या मथळ्यास राहिली नव्हती.

पुढे १८८६ मध्ये स्टेड यांनी वृत्तपत्रांच्या राज्याचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला. लोकप्रतिनिधी काही वर्षांनी निवडला जातो, संपादकाला मात्र वाचक रोज पैसे मोजून निवडतो, असा त्यांचा युक्तिवाद. तो चतुर आहे, इतकेच. अंक विकत घेणारा वाचक मोहिमेची जबाबदारी संपादकावर सोपवीत नसतो आणि मोहीम फसल्यावर त्याला पदच्युतही करू शकत नाही. स्टेड यांना तुरुंगवास घडला, नाही असे नाही. परंतु १८८५ चा तो तीन महिन्यांचा कारावास अल्पवयीन मुलींच्या विक्रयाविरुद्ध त्यांनी उघडलेल्या मोहिमेतील एका प्रकरणाबद्दल होता. खार्टूमविषयी त्यांना कोणत्याही सभागृहाने जाब विचारला नाही.