कॉलेजच्या पैलवानांनो, वजनगट जूनमध्येच ठरवा

कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या पट्ट्यात दमदार पोरं तालमीतालमीत आहेत. पण अखिल भारतीय आंतरविद्यापीठ कुस्ती स्पर्धेला जाणारा संघ पाहिला की त्यातली बरीच गायब असतात. बहुतेक वेळा कुस्तीत कमी पडलेली नसतात. वाट कशी जाते, हेच घरात कुणी विचारलेलं नसतं आणि तालमीत कुणी सांगितलेलं नसतं.

वाट अशी आहे. कॉलेजचे क्रीडासंचालक तुमचं नाव आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवतात. विद्यापीठ मोठं असेल तर आधी विभागाची स्पर्धा, मग आंतरविभागीय. तिथे जो आपला गट जिंकेल तो विद्यापीठाच्या संघात, आणि तो संघ असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या, म्हणजे एआययूच्या, स्पर्धेला. मुलांचे फ्रीस्टाइलचे दहा गट, ग्रीको-रोमनचे दहा, मुलींचे दहा. एका गटात विद्यापीठाचा एकच पैलवान. दुसरा आलेला कितीही तयारीचा असो, सहसा तो घरीच राहतो. म्हणून कुठल्या गटात उतरायचं हा निर्णय स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात घ्यायचा नसतो. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही, पट काढता येत नाही, म्हणून आपली पोरं तिकडे वळायला नाखूश असतात. ज्याची कंबर मजबूत आहे, ढाक चांगली बसते, त्याने वस्तादांशी बोलून या प्रकाराचा जरूर विचार करावा.

आता कागदांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त संधी मी इथेच बुडताना पाहिल्या आहेत. अकरावी-बारावीची मुलं त्याच इमारतीत, त्याच मैदानावर असली तरी या स्पर्धेला पात्र नाहीत; त्यांच्यासाठी शालेय स्पर्धा आहेत. इथे बारावीनंतरच्या अभ्यासक्रमाचा नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी लागतो. वय १ जुलैला १७ ते २५ च्या दरम्यान हवं. बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला की दार बंद. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला खेळता येत नाही आणि एका वर्षात दोन विद्यापीठांकडूनही खेळता येत नाही. वयाच्या नियमात अधूनमधून बदल होतात, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा. वस्ताद मंडळींना विनंती आहे, पोरगं दोन वर्षं नुसतं तालमीत बसवू नका. शिक्षणात पडलेला खंड मेहनतीने भरून निघत नाही.

काट्याबद्दल तर हात जोडून सांगतो. उपाशी राहून, पाणी तोडून, अंगात प्लॅस्टिक घालून पळून दोन दिवसांत पाच-सहा किलो उतरवायचे, हे अजून चालू आहे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असंच झपाट्याने वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत सौना आणि रबरी सूट यांवर बंदी आली, वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या जवळ आणली गेली आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचं किमान सुरक्षित वजन ठरवायची पद्धत सुरू झाली. आपण तीन जीव जायची वाट का पाहावी? जूनमध्ये वजन करा, डॉक्टरांना दाखवा, गट ठरवा आणि उतरवायचंच असेल तर महिन्याला थोडं थोडं उतरवा. खुराक देणाऱ्या आईलाही तो आकडा सांगून ठेवा. काटा कुणाचीच गय करत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली होती आणि सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून बाद झाली.

मातीवर वाढलेल्या पोराला मॅटवर नवं वाटतं ते घड्याळ. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली, ग्रीको-रोमनमध्ये आठची. समोरच्याला जोखत, हात लावत पहिली दोन मिनिटं घालवली तर तोवर रिंगणाबाहेर ढकलल्याचे गुण त्याच्या खात्यात गेलेले असतात. आठवड्यातून निदान तीन दिवस तरी मॅटवर, घड्याळ लावून लढा. तालमीत मॅट नसेल तर जवळच्या कॉलेजला विचारा. मागायला लाजू नका.

जत्रेची मैदानं हा नाजूक विषय आहे. दिवाळी सरली की फड सुरू होतात, आणि आंतरविद्यापीठाचे दिवसही साधारण तेच. इनामावर घर चालतं अशी पोरं मला माहीत आहेत. त्यांना मैदान सोडा असं मी म्हणणार नाही. पण निवड झाल्यावर विद्यापीठाचं शिबिर सुरू असताना पाच हजारांच्या जोडीसाठी गुडघा पणाला लावू नका. गावकऱ्यांनीही त्या दिवसांत पोराला गळ घालू नये.

प्राचार्यांना एक सांगणं आहे. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना पाठवता यावं म्हणून त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आज तुमच्याकडून एवढं कुणी मागत नाही. पात्रता अर्जावर वेळेत सही करा आणि स्पर्धेमुळे हुकलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्या. मुली खेळत असतील तर सोबत शिक्षिका पाठवा; तेवढ्यावर कितीतरी घरांतून होकार मिळतो.

अखिल भारतीय स्पर्धेत गटात पहिल्या आठांत आलात तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं. तिथे नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, चाचणी होऊ शकते. डब्यातली पावडर कुणी दिली, त्यात काय होतं हे ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटका नसते. शरीरात सापडलं की जबाबदारी पैलवानाची, आणि बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे कॉलेजची उमेदीची वर्षं संपली. दूध, तूप, बदाम, अंडी यांवर पैलवान घडले आहेत. त्यापलीकडचं काहीही तोंडात घालण्याआधी तो डबा खेळाचं वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा. आणि प्रवेश झाला असेल तर उद्याच क्रीडासंचालकांना गाठून विचारा: नाव पाठवायची शेवटची तारीख कोणती, आणि माझ्या गटात आणखी कोण आहे?