एका जुन्या हँडसेटसाठी अख्खं नेटवर्क उघडं नको!

भिवंडीच्या मानकोली, काल्हेर पट्ट्यातल्या गोदामांत गाड्यांचे नंबर, मालाच्या किमती, ग्राहकांचे पत्ते फोनवरच सांगितले जातात. ऑफिसचे वायफाय फोन जुन्या 'डब्ल्यूईपी' सेटिंगवर असतील, तर हे बोलणं बाहेरचाही पकडू शकतो. हे कुलूप २००१ मध्येच फुटलं आहे.

काय कराल?
● हँडसेट आणि राउटर दोन्हींवर 'डब्ल्यूपीए२-एईएस' निवडा. चालत असेल तर २०१८ मध्ये आलेलं 'डब्ल्यूपीए३'.
● कंपनीकडून आलेला अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.
● फोनचं नेटवर्क पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळं ठेवा.

एखादा जुना हँडसेट फक्त डब्ल्यूईपी ओळखतो म्हणून अख्ख्या ऑफिसची सुरक्षा खाली आणणं चुकीचंच. तो हँडसेट बदलण्याचा खर्च मालकाने करावा. सेटिंग करणाऱ्या पोरावर खापर फोडून गेलेली माहिती परत येत नाही.